जुन्या गाड्या वाढत चालल्यात, आता ठेवायच्या कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत फोनवर, गॅरेजमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा मला हेच प्रश्न विचारले गेलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझ्याकडे पाच गाड्या आहेत, वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, मार्क फोर अँबॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड, एक मारुती ८०० आणि महिंद्राची जीप. राहायला पुण्यात आणि सोसायटीत पार्किंग एकच. दोन जागा बदलून आता तिसऱ्या जागेत गाड्या नीट आहेत, त्यामुळे खालचं बरंचसं स्वतः नुकसान सोसून कळलेलं आहे.

एका गाडीला नक्की किती जागा लागते?

पद्मिनी साधारण १३ फूट लांब आणि पाच फुटाला थोडी कमी रुंद, अँबॅसडर १४ फुटांच्या वर आणि साडेपाच रुंद, कॉन्टेसा १५ फूट, ८०० अकराला थोडी कमी. पण गाडी मावली म्हणजे जागा पुरली असं नाही हो, दार उघडून आत बसता आलं पाहिजे, बॉनेट उघडून पुढे उभं राहता आलं पाहिजे, मागे डिकी उघडली पाहिजे, म्हणून मी प्रत्येक गाडीला ९ बाय १७ फूट धरतो. सहा गाड्या तीन-तीन समोरासमोर लावल्या आणि मध्ये वळवायला २० फूट सोडले तर २७ बाय ५४, म्हणजे साडेचौदाशे स्क्वेअर फूट. मधली वाट काढून टाकली तर सव्वानऊशेत सहाही बसतात, आणि सगळे इथेच फसतात, मी पण फसलो होतो. मागची गाडी काढायला आधी पुढची काढायची, तिची बॅटरी उतरलेली, मग आज नको पुढच्या रविवारी बघू, असं करत माझी हेराल्ड १४ महिने भिंतीला टेकून उभी राहिली आणि क्लच प्लेट (इंजिन आणि गिअर जोडणारी-सोडणारी चकती) फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटली. तेव्हापासून मी जागा बघताना एवढंच बघतो की कुठलीही गाडी एकट्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढता येते का, येत नसेल तर भाडं कितीही कमी असो मी घेत नाही.

दाराचं माप वेगळं घ्या. शटर आठ फुटी म्हणतात पण दोन्ही बाजूच्या पट्ट्या धरून आत मोकळे साडेसातच निघतात, आणि समोरची गल्ली अरुंद असली तर अँबॅसडर एका दमात आत वळत नाही. टेप घेऊन जा, आणि शक्य असेल तर सगळ्यात मोठी गाडी एकदा प्रत्यक्ष आत घालून बघा.

सोसायटीत दोन-तीन ठेवता येतील का?

रिकामी जागा शिल्लक असेल तर कमिटी दुसरी देऊ शकते, पण ती तुमची कायमची होत नाही, दुसऱ्या मेंबरला गरज लागली की सोडावी लागते. बिल्डरने स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) वेगळं विकलंय म्हणून आमचंच आहे असं कोणी म्हणत असेल तर २०१०चा सुप्रीम कोर्टाचा नाहलचंद लालूचंद केसमधला निकाल त्यांना सांगा, रेराच्या आधीच्या कायद्याप्रमाणे स्टिल्टमधली पार्किंगची जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही (रेरानंतरच्या बिल्डिंगमध्ये मात्र करार बघा). रोज चालणारी गाडी सोसायटीत आणि जुनी बाहेर, असं बहुतेक जण करतात. मी उलटं केलंय. पद्मिनी खाली ठेवलीये, रोज जाता-येता नजरेखाली असते आणि म्हणून चालते पण.

रस्त्यावर कव्हर घालून ठेवली तर?

नका ठेवू. धूळ बसलेली, हवा गेलेली गाडी दिसली की महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते आणि मग उचलून नेते, आणि उचलताना जुन्या बंपरची काय अवस्था होते ते मी डोळ्यांनी बघितलंय.

गावाकडे गोठा किंवा बंद पडलेली पोल्ट्री आहे, फुकट मिळतेय. ठेवू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. माझी पहिली जागा म्हणजे एका ओळखीच्यांची बंद पोल्ट्री. शेड लांबलचक, दोन्ही बाजूंनी जाळी, हवा भरपूर, वाटलं याहून चांगलं काय मिळणार. जमीन खरवडून धुऊन घेतली होती, पण कोंबड्यांच्या विष्ठेतला अमोनिया मातीत आणि विटांत मुरलेला असतो, पावसाळी दमट हवेत तो परत सुटतो. गणपतीत गाड्या बघायला गेलो तर हेराल्डच्या हेडलाईटच्या कड्यांवरचा क्रोम बोट लावलं की पापुद्र्यासारखा सुटत होता, आणि जीपच्या रेडिएटरची पितळी टाकी हिरवी पडलेली, मी रुमालाने पुसली तर रुमालच हिरवा झाला. गोठ्याचं पण तेच, गोमूत्राने भिजलेली जमीन असते. खताच्या गोदामात तर बिलकुल नको, रासायनिक खत हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ती खारट ओल पत्र्याला लागते. खाडीकाठचं मिठाचं वारं पण याच हिशोबात धरा.

कांदा चाळीचं पण एकाने विचारलं होतं. हवा छान खेळते पण चाळीच्या कप्प्याची रुंदीच गाडीची नाही. त्यापेक्षा जुनी लाकडाची वखार, बंद पडलेली तेलघाणी किंवा पिठाची मोठी गिरणी, यंत्रमागाचं शेड, असल्या जागा बघा. कोरडी, उंच छताची आणि ट्रक आत येईल एवढ्या दाराची जागा त्यांच्याकडे आयतीच असते. गुऱ्हाळाचं शेड पण चांगलं, फक्त आधी घुशींची बिळं किती आहेत ते बघून घ्या, गुळाच्या वासाने येतात त्या.

कोणत्या भागात बघावी?

पाऊस बघून ठरवा. मुंबईत वर्षाला २२०० मिलिमीटरच्या वर पडतो, लोणावळ्यात त्याच्याही पुढे, पुण्यात ७०० च्या आसपास आणि बारामतीकडे त्याहून कमी. म्हणजे शहरापासून तेवढ्याच अंतरावर मुळशीला जागा घेतली तर गाडी चार महिने ढगात, आणि सासवड, उरुळी, यवत बाजूला घेतली तर बऱ्यापैकी कोरड्यात. लोकांना डोंगर आणि हिरवळ बघून मोह होतो आणि मग गाडीचा तळ सडतो. मुंबईकर कर्जत-बदलापूर बघतात कारण ट्रेन आहे, पण तिथे नदी आधी बघा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती हे विसरू नका, आणि त्याच वर्षी ऑगस्टात सांगली-कोल्हापूरची काय अवस्था झाली ते सगळ्यांना माहितीये. पुण्यात पण २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात गेल्या. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. जागा लाल रेषेच्याही बाहेर पाहिजे, घर असेल तर माणूस वरच्या मजल्यावर जाईल, गाडी कुठे जाणार.

शेड बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं?

पहिलं म्हणजे पावसात जा. एप्रिलमध्ये सगळी शेडं चांगलीच दिसतात. भिंतीवर पाण्याच्या डागाची रेघ कुठपर्यंत आहे, वळचणीचं पाणी आत शिंतडतं का, पन्हळ फुटकी आहे का, आणि रस्त्यापेक्षा आतली जमीन खाली आहे का ते बघा.

दुसरं जमिनीचं. वरून कोरडा दिसणारा कोबा खालून ओल सोडत असतो. जाड प्लॅस्टिकचा दोन फुटी चौकोन घ्या, चारही कडा पॅकिंग टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी या. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तिथला कोबा गडद झाला असेल तर ती ओल रोज रात्री गाडीच्या तळाला लागणार आहे. मी तिसरी जागा घेताना चार ठिकाणी असे चौकोन चिकटवले, मालक बघत उभे होते, त्यांना वाटलं कुठलीतरी पूजा आहे. एका कोपऱ्यात थेंब आले, तो कोपरा आम्ही टायर आणि कपाटासाठी ठेवला, गाड्या बाकीच्या भागात. जमीन नवीन करताच असाल तर मुरूम दाबून त्यावर जाड प्लॅस्टिक कागद आणि मग काँक्रीट, ही सांगायची गोष्ट नाही इतकी साधी आहे पण ठेकेदार कागद हमखास विसरतो, तेव्हा त्या दिवशी स्वतः हजर राहा.

तिसरं छप्पर. नुसता पत्रा असेल तर दिवाळीनंतरच्या थंड पहाटे आतल्या बाजूने दव धरतं आणि थेट टपावर थेंब थेंब पडतं, लोकांना वाटतं पत्रा गळतोय म्हणून डांबर फासत बसतात. पत्र्याखाली इन्सुलेशनची शीट लावा आणि वर फिरणारे टर्बो पंखे बसवा, त्यांना लाईट लागत नाही.

करार कसा करायचा? ओळखीतलेच आहेत, कागद मागायला बरं वाटत नाही.

ओळखीत तर जास्त गरज. लिव्ह अँड लायसन्स करा आणि रजिस्टर करा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि रजिस्टर असणं सक्तीचं आहे. खर्च पण फार नाही, एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी (डिपॉझिट असेल तर त्यावर मिळालं असतं असं मानलेलं व्याज त्यात धरतात) आणि रजिस्ट्रेशनचे ग्रामीण भागात ५००, महापालिका हद्दीत १००० रुपये. ११ महिन्यांचाच करायला पाहिजे असं काही नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो, आणि बंद गाड्या दर वर्षी हलवणं म्हणजे हाल आहेत म्हणून मी तीन वर्षांचा केला.

करारात गाड्यांचे नंबर लिहा, म्हणजे उद्या मालकाच्या घरात वाटणी निघाली तरी या गाड्या कोणाच्या यावर वाद नको. सातबारा बघा, जमीन बिगरशेती आहे का विचारा. आणि एक ओळ आवर्जून घाला की कोणत्याही वेळी गाडी काढता येईल आणि गाड्यांच्या पुढे दुसरा माल लावला जाणार नाही. माझ्या दुसऱ्या जागेत कांद्याच्या सीझनला मालकांनी दारापाशी गोण्यांची थप्पी लावली, दीड महिना मी आत जाऊ शकलो नाही, भाडं मात्र चालू.

चार मित्रांनी मिळून एक शेड घेतलं तर?

उत्तम. आम्ही तिघं आहोत. लाईट बिल, राखणदार, पंप, उंदरांची जाळी सगळं वाटून जातं आणि मुख्य म्हणजे दर रविवारी कोणीतरी एक जण तिथे जातोच. फक्त ठरवून घ्या की एकाची गाडी दुसऱ्याने हलवायची वेळ आली तर चावी कुठे, विमा चालू आहे ना, आणि शेडमध्ये वेल्डिंग किंवा पेंटिंग अजिबात करायचं नाही. ही शेवटची अट आम्ही लिहूनच ठेवलीये.

दोन गाड्या एकावर एक ठेवायची लिफ्ट घ्यावी का?

छत बारा फूट तरी पाहिजे आणि खालची काँक्रीट दमदार पाहिजे. पद्मिनी ९०० किलोच्या आसपास, अँबॅसडर ११०० च्या वर, हे सगळं वजन चार छोट्या पायांवर येतं. भाड्याच्या जागेत इतका खर्च मला पटत नाही, स्वतःची जागा असेल तर विचार करा. वरच्या गाडीचं तेल खालच्या टपावर गळतं, मध्ये ट्रे लावायला विसरू नका.

चार-सहा महिने उभी राहणार असेल तर काय तयारी करायची?

धुवून, आणि मडगार्डच्या आतून चिखल काढून, पूर्ण वाळवून आत घ्या, कारण चाकाच्या वरच्या खोबणीत अडकलेला ओला चिखल म्हणजे गंजाचं घर. हेराल्डवाल्यांनी चासीच्या बाजूला निघालेले आडवे हात नक्की तपासा, तिथूनच ती सडते. हँडब्रेक ओढू नका, ड्रमला लायनर चिकटतात, त्याऐवजी चाकाला पुढे-मागे लाकडी पाचर लावा. क्लच चिकटू नये म्हणून पेडल दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवून ठेवा, ही आमच्या मिस्त्रींची शिकवण, मला ती १४ महिने उशिरा कळली. टायरमध्ये हवा ४० पर्यंत भरा नाहीतर खालून चपटे होतात, जास्त दिवस असेल तर घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, पण अ‍ॅक्सलखाली लावा, बॉडीखाली लावून चाकं लोंबकळत ठेवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

पेट्रोलचं आता बदललंय. पूर्वी टाकी फुल करून ठेवा म्हणायचे, म्हणजे आत हवा कमी आणि ओल कमी. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि तिथेच पत्र्याची टाकी गंजते. दोन-तीन महिन्यांसाठी फुल टाकी ठीक, त्याहून जास्त असेल तर काढून घ्या आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर रिकामा करा. जुने रबरी पाईप इथेनॉलने फुगतात, ते आधीच बदलून टाका. काढलेलं पेट्रोल शेडमध्ये कॅनमध्ये ठेवू नका, दुसऱ्या गाडीत घाला.

मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो, बस झालं ना?

याने उलट त्रास होतो. थंड इंजिन पाच मिनिटांत तापत नाही, धुरातलं पाणी सायलेन्सरमध्येच राहतं आणि तो आतून सडतो, प्लग काळे पडतात, चोक ओढून सोडलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. पंधरा दिवसांतून एकदा १५ किलोमीटर चालवा, ब्रेक दाबा, गिअर सगळे टाका, हॉर्न-लाईट बघा. नाहीच जमणार तर स्टार्ट न करता नीट झोपवून ठेवा.

उंदरांचं काय?

डांबराच्या गोळ्यांनी काही होत नाही, वास मात्र रेग्झिनमध्ये वर्षभर राहतो. विष घालू नका, उंदीर डॅशबोर्डच्या मागे जाऊन मरतो. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत स्टीलचा घासणीचा काथ्या कोंबा, आणि त्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, नाहीतर तसंच स्टार्ट कराल. भिंत आणि पत्र्याच्या मधली फट बारीक जाळीने बंद करा. गाडीत खाण्याचं काही नको, टिश्यूचा डबा सुद्धा नको, त्याचंच घरटं करतात.

कव्हर कोणतं?

सुती. प्लॅस्टिक किंवा ताडपत्री आत ओल कोंडते, मी अँबॅसडरच्या टपावर रंगाला आलेले बारीक फोड त्यामुळेच बघितलेत. शेड चांगलं असेल तर जुन्या सुती चादरी शिवून घेतलेलं कव्हर पुरतं.

डिह्युमिडिफायर लागतो का?

पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये लावून उपयोग नाही, बाहेरची हवा कितीही सुकवली तरी संपत नाही. बंद खोली असेल तरच. आधी काही शे रुपयांचा आर्द्रता मोजायचा मीटर टांगा, ६० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर गंज वेगाने धरतो.

विमा, आरसी, विंटेज नंबर, यातलं काय काय लागतं?

१५ वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते. म्हणजे परत तेच, गाडी बाहेर निघाली पाहिजे, टोचन करून आरटीओत नेलेल्या गाडीला कोणी पास करत नाही. जुलै २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, १० वर्षांनी रिन्यू करायला ५,०००. पण मग ती गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. माझी पद्मिनी १९८४ची, तिला हे लागू नाही. थर्ड पार्टी विमा मात्र शेडमध्ये असली तरी चालू ठेवा, कारण दुरुस्तीला नेताना ती रस्त्यावर येतेच, आणि आग-चोरीचं वेगळं कव्हर मागताना गाडी कुठे ठेवलीये तो पत्ता विमा कंपनीला लेखी द्या.

स्पेअर पार्ट कुठे ठेवायचे?

पद्मिनी २०००च्या आसपास बंद झाली, अँबॅसडर २०१४ला, त्यामुळे मिळेल ते आपण घेऊन ठेवतो आणि मग एका गाडीची जागा पार्टच खातात. भिंतीला लोखंडी रॅक करा, काचा उभ्या ठेवा, गादीच्या तुकड्यावर, दारं टांगून ठेवा, रबर बीडिंग उन्हापासून लांब. नवीन पत्र्याचे पार्ट आले तसेच कागदात ठेवू नका, ऑईलचा हात फिरवून चिठ्ठी बांधा. लोगो, व्हीलकप आणि आरशांना गिऱ्हाईक लगेच मिळतं म्हणून चोरी त्यांचीच होते, ते काढून घरी ठेवा. शेडात सहा किलोचा एबीसी अग्निशामक दाराजवळ टांगा, आतल्या कोपऱ्यात नको.

मी परदेशात आहे, आजोबांची गाडी गावी उभी आहे, आईबाबांना होत नाही.

आईबाबांवर टाकू नका, त्यांना बॅटरी उचलायला लावू नका. तालुक्याच्या गावात एक जुना मिस्त्री असतोच, त्याला महिन्याला ठराविक पैसे लावा आणि दर पंधरवड्याला गाडी चालवतानाचा, किलोमीटरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ मागवा. आकडा पुढे सरकला पाहिजे, नुसत्या स्टार्टच्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. विमा आणि आरसीच्या तारखा स्वतःच्या फोनमध्ये घालून ठेवा.

अजून एक गाडी मिळतेय, भाव चांगला आहे, पण जागा नाही. घेऊ का?

जागा आधी, गाडी नंतर. यंदाच्या पावसाळ्याआधी मला फलटणजवळ एक फियाट ११०० मिळत होती, एका निवृत्त मास्तरांची, हातगिअर (स्टिअरिंगजवळचा), आतलं छताचं कापड सुद्धा मूळचं. आमच्या शेडमध्ये ती फक्त हेराल्डच्या पुढे आडवी बसली असती, म्हणजे परत तोच खेळ. मास्तरांना थोडा इसार दिला आणि दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं, शेजारचं अर्धं शेड तेव्हा मोकळं होणार आहे. ते हो म्हणाले. मग गाडी त्यांच्याच ओसरीत आत लावली, चाकांखाली फळ्या सरकवल्या, बॅटरीची वायर काढली, हँडब्रेक सोडून पाचर लावली आणि क्लचमध्ये काठी कशी अडकवायची ते मास्तरांना दोनदा करून दाखवलं. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो, काठी जागेवर आहे म्हणून.